वाकड्या भोकांची प्लेट

जन्मले तेव्हा मी वेळेवर रडले नाही. श्वास उशिरा आला, तेवढ्या वेळात डोक्यात काहीतरी बिघडलं आणि ते हातांत उतरलं. उजवा हात आखडून छातीशी येतो. डावा कामाचा आहे, पण त्याला स्थिर राहणं ठाऊक नाही. पाण्याचा पेला धरला तर अर्धं पाणी मला, अर्धं जमिनीला. डोकं मात्र चोख, आणि तोंड त्याहून चोख, अशी आमच्या क्वार्टरच्या लाइनीत माझी ख्याती होती.

बाबा जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात, टूल रूममध्ये फिटर होते. ते गेज बनवायचे. गेज म्हणजे ज्याच्याने दुसऱ्या वस्तू तपासतात ते माप. सुटा भाग गेजमध्ये बसला तर चांगला, नाही बसला तर भंगार. मधलं काही नाही. अशा माणसाच्या घरी मी जन्मले आणि मी कशातच बसत नव्हते.

शाळेपासून बी.ए.पर्यंतचे सगळे पेपर मी लेखनिकाला सांगून लिहिले. लेखनिक आपल्याहून खालच्या वर्गातला लागतो. म्हणजे मी इतिहास सांगायची आणि समोरची पोरगी तिला समजेल तेवढा इतिहास लिहायची. बोलता बोलता मी तिच्या पेनाकडे बघत राहायची आणि जीव कासावीस व्हायचा. माझं वाक्य तिच्या वळणदार अक्षरात कागदावर उतरायचं आणि ते माझं वाटायचंच नाही. पदवी मिळाली तेव्हा आईने पेढे वाटले. मी आईला म्हटलं, यात माझ्या हातचं एक अक्षर नाही. ती म्हणाली, ‘गप बस, पेढा खा.’

पुढे अपंगांच्या कोट्यातून केंद्र सरकारच्या एका ऑफिसात क्लार्कची नोकरी लागली. अट एकच होती, टायपिंगची परीक्षा पास व्हायची. तोवर वार्षिक वाढ नाही आणि नोकरी पक्की नाही. तेव्हा टाइपराइटर जाऊन नुकतेच कंप्युटर आले होते. सगळे जुने बाबू त्या मशीनला घाबरत होते. मी मात्र दुरूनच त्याच्यावर जीव टाकून बसले होते. त्याचं कारण साधं होतं. त्या पडद्यावर कुणाचंही ‘अ’ सारखंच उमटत होतं. बड्या साहेबांचं आणि चपराशाचंही. मग माझंही तसंच उमटलं असतं.

आमच्या सेक्शनचे बड़े बाबू मनाने भले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात उपाय सांगितला. ‘बिटिया, काहे परेशान होती हो? छूट का फॉर्म भर दो. मेडिकल बोर्ड लिख देगा, झंझट खतम.’ त्यांनी फॉर्म दिला. त्यात एक वाक्य आधीच छापलेलं होतं, की सदर कर्मचारी टायपिंग करण्यास स्थायी रूपाने असमर्थ आहे. खाली माझी सही, त्याखाली डॉक्टरांची. मी ते वाचलं आणि कानशिलं तापली. नोकरी अजून अस्थायी, पण असमर्थता स्थायी! फॉर्म घेतला, सर्टिफिकेटांच्या फायलीत कोंबला आणि त्याच संध्याकाळी जबलपुरातल्याच गोरखपूर बाजारातल्या कंप्युटर क्लासमध्ये नाव घातलं.

तिथे माझे जे हाल झाले ते बघायला बाकीची मुलं आपली मशीन सोडून यायची. बोट एका बटणाकडे निघायचं, वाटेत तीन बटणं दाबायचं, चौथ्यावर थांबायचं. हिंदी टायपिंगमध्ये निम्मी अक्षरं शिफ्ट धरून काढावी लागतात, आणि शिफ्ट धरायला दुसरा हात हवा. माझा दुसरा हात छातीशी. मी एकाच हाताने आधी शिफ्ट दाबायला जायची. हात थरथरत त्या बटणावर चार-पाच वेळा आपटायचा, मशीन टूं करून ओरडायचं आणि पडद्यावर एक चौकट उघडायची. सर धावत यायचे, ‘मैडम, फिर क्या दबा दिया?’ म्हणत चौकट बंद करायचे. मशीन बिघडवणारी बाई म्हणून मला कोपऱ्यातला कंप्युटर मिळाला.

एकदा सर खाली चहाला गेले होते. टूं झालं, चौकट उघडली, आणि तिला बंद करायला कुणी आलं नाही. मी निवांत वाचली. इंग्रजीत लिहिलं होतं, की शिफ्ट एकदा दाबून सोडली तरी ती दाबलेलीच धरायची का? एका वेळी एकच बटण दाबता येणाऱ्यांसाठी ती सोय होती. मी ‘हो’ केलं. शिफ्ट दाबली, सोडली, मग आरामात अक्षराकडे गेले, आणि बरोबर अक्षर उमटलं. म्हणजे महिनाभर मशीन मला विचारत होतं आणि माझ्या वतीने सर नाही म्हणत होते.

सर वर आले तेव्हा मी त्यांना चांगलंच सुनावलं. ते बिचारे म्हणाले, ‘अच्छा! ये तो हमको भी नहीं मालूम था.’ आणि त्या दिवसापासून ते माझ्याशी जरा दबून वागायला लागले.

शिफ्टचा प्रश्न सुटला, पण बोट भलतीकडे जायचं ते जायचंच. घरी जेवताना मी बाबांना म्हटलं, ‘बोट निघते कुठं, पडते कुठं. जुन्या फोनच्या डायलमध्ये कसं भोकात बोट गेलं की हलत नाही, तसं काही पायजे.’ बाबांचा घास हातातच राहिला. ‘म्हणजे प्लेट,’ ते म्हणाले. ‘कीबोर्डावर बसवायची. एकेका बटणावर एकेक भोक.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी सरांकडून एक बिघडलेला कीबोर्ड मागून आणला. मग चार रविवार बाबा अंगणात बसले. प्रत्येक बटण व्हर्नियरने मोजलं, वहीत मांडलं, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर रेघा मारल्या, ड्रिलने भोकं पाडली आणि कानशीने घासून चौकोनी केली. चौथ्या रविवारी प्लेट कीबोर्डवर बसवली. खट्ट. प्रत्येक बटण आपल्या भोकातून अंगठीतल्या खड्यासारखं वर आलं. टूल रूमचे तीन मित्र खास बघायला आले होते. एकाने बटण आणि पत्र्याच्या मधल्या फटीत कागद सरकवून पाहिला, गेला नाही. ‘क्या फिट बैठाया है, गुरु!’ आईने चहा टाकला. प्लेट हातोहाती फिरली. जिच्यासाठी हे चाललं होतं ती दारात उभी होती, तिला शेवटी बोलावलं.

मी हात ठेवला आणि सात-आठ बटणं एकदम दबली. दबणारच होती. बटणं पत्र्याच्या वर डोकं काढून उभी होती, त्यामुळे प्लेट असली काय नि नसली काय, हाताला सारखंच. वर पत्र्याच्या कडेने बोटाचं साल निघालं ते वेगळं.

‘जरा बेताने ठेव,’ बाबा म्हणाले. ‘सवय नाही अजून.’

‘बाबा, हे कीबोर्डाले बसलं. मले नाही बसलं.’

‘काहून नाही बसलं? एका केसाचा फरक नाही त्यात!’

‘त्यात नाही. माझ्यात आहे ना फरक!’

मित्रांनी कपात तोंडं घातली. बाबांनी प्लेट उचलली, फडक्यात गुंडाळली आणि कपाटावर टाकली. तीन दिवस आमचं बोलणं बंद. मला वाईटही वाटत होतं आणि रागही ओसरत नव्हता. चार रविवार त्यांनी माझ्यासाठी घातले, हे मला कळत होतं. पण त्या चार रविवारांत एकदाही त्यांनी मला ‘हात ठेवून बघ’ म्हटलं नव्हतं, हेही कळत होतं.

चौथ्या दिवशी काही कामासाठी सर्टिफिकेटांची फाइल काढली, तर आत तो सूट मागायचा फॉर्म. भरलेला. बाबांचं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं, ते कुठेही ओळखू यावं. माझं नाव, वडिलांचं नाव, पत्ता, पद, सगळं व्यवस्थित. सहीची जागा तेवढी कोरी ठेवलेली. ‘स्थायी रूपाने असमर्थ’च्या वर माझं नाव, आणि ते माझ्या बापाच्या सुंदर अक्षरात.

बाबा ड्यूटीवरून आले, सायकल भिंतीला लावली, तशी मी फॉर्म त्यांच्यापुढे धरला. ‘मले न विचारता?’

‘विचारलं असतं तर तू भरू दिला असता?’

‘नाही.’

‘मग कायले विचारू? मी दोन वर्षांनी रिटायर होऊन राहिलो. नापास झाली, नोकरी कच्चीच राहिली, तर मग काय? बाप कुठवर पुरणार आहे तुले?’

हे खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. मी म्हटलं, ‘तुम्ही कीबोर्ड मोजला, एकेक बटण मोजलं. माझा हात कधी मोजला?’

‘मोजाले वस्तू थांबावी लागते,’ बाबा वैतागून म्हणाले. ‘तुझा हात थांबतच नाही.’

‘मग हलते तेच मोजा ना!’

आई आतून भाकरी थापता थापता थांबली. बाबा माझ्या हाताकडे बघत राहिले. हे लिहायला मला जड जातं, पण खरं आहे ते लिहिते. बाबा माझ्या हाताकडे कधी बघायचे नाहीत. मला काही द्यायचं झालं तर हातात न देता शेजारी स्टुलावर ठेवायचे, सांडू नये म्हणून. त्यात माया होती. मला मात्र दर वेळी अपमान वाटायचा आणि मी कधी बोलून दाखवला नव्हता. त्या संध्याकाळी फॉर्म धरलेला माझा हात त्यांच्यापुढे फडफडत होता आणि त्यांनी नजर वळवली नाही. मग हातपाय धुवायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी येताना त्यांनी एक बारकी डबी आणली. तिच्यात निळा रंग होता, घट्ट, तेलकट. फिटर लोकांचा तो जुना उपाय. दोन भाग एकमेकांना कुठे टेकतात ते डोळ्यांना दिसत नाही. मग एकाला निळं फासायचं, दुसऱ्यावर ठेवायचं आणि उचलून डाग बघायचा. डाग जिथे असेल तिथे ते टेकतात. बाबांनी कोऱ्या कागदावर पेन्सिलीने फुल्या काढल्या, माझ्या डाव्या हाताच्या बोटाला स्वतः निळं फासलं आणि म्हणाले, ‘या फुलीले हात लाव. उचल. पुन्हा लाव. पन्नास वेळा.’

मी दात आवळले, खांदा ताठ केला आणि हात रोखून फुलीवर न्यायला लागले.

‘थांबवू नको त्याले,’ बाबा म्हणाले. ‘जसा जाते तसा जाऊ दे.’

आयुष्यात मला हे कुणी म्हटलं नव्हतं. थांब, हळू, सांभाळून, सांडशील, एवढंच ऐकत मी मोठी झाले होते. मी खांदा सैल सोडला. हात त्याच्या मनाने निघाला, हेलकावला, पडला. पुन्हा निघाला. मोजणी चालू होती, रडायची सोय नव्हती.

चार दिवस हे चाललं. माझं नाक, कपाळ, ओढणी, चहाचे कप, सगळं निळं. आई बघून म्हणाली, ‘काय व, चौदा एप्रिल आजच येऊन राहिला का आपल्या घरी?’

पाचव्या दिवशी बाबांनी सगळे कागद जमिनीवर मांडले आणि व्हर्नियर घेऊन डाग मोजायला बसले. बराच वेळ गेला. मग त्यांनी मला हाक मारली. आवाज असा की मला वाटलं काही सापडलं-बिपडलं.

‘हे पाह्य. डाग फुलीच्या भोवती नाही. सगळे डाव्या अंगाला, खालच्या बाजूले. उजवीकडच्या फुल्यांले जास्त, डावीकडच्यांले कमी. तुझा हात कसाही नाही जात, पोरी. चुकते, पण रोज तेवढाच चुकते.’

मला त्यात एवढं हरखण्यासारखं काय ते कळेना. बाबांनी समजावलं. जी मशीन दर वेळी वेगळी चुकते तिला इलाज नाही, पण जी दर वेळी सारखीच चुकते तिच्यासाठी फक्त जागा सरकवून घ्यायची. बोट बटणावर येत नसेल तर भोक बोटाखाली न्यायचं, आणि भोकाची कड उतरती करायची, म्हणजे बोट कडेला पडलं तरी घसरत बटणावर जाईल.

या खेपेला त्यांनी बड़ा फुहाऱ्याजवळच्या साइनबोर्डवाल्याकडून जाड ॲक्रिलिक आणलं. प्लेट चार पायांवर उचललेली, बटणांच्या वर, म्हणजे पूर्ण हात टेकला तरी काही दबू नये. भोकं लांबट, डावीकडे कललेली, उजव्या बाजूची मोठी, डाव्या बाजूची लहान. एकही भोक दुसऱ्याच्या सरळ रेषेत नाही. उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसत होती. घासून घासून त्या पांढऱ्या भुशाने आईची तुळस माखली आणि बाबांना दोनदा बोलणी बसली. प्लेट तयार झाल्यावर त्यांनी ती जुन्या लुंगीत गुंडाळली आणि मला बजावलं, ‘कोणाले दाखवू नको.’ टूल रूमचे मित्र विचारायचे तर हे विषय बदलायचे. मी चिडवायची, ‘काय गुरु, फिट नाही का बसली?’

ती पहिल्यांदा कीबोर्डवर बसवली तेव्हा बाबांनी तपासायला पुन्हा माझ्या बोटाला निळं फासलं. मी हात टेकला. काही दबलं नाही. बोट निघालं, भलतीकडे पडलं, घसरलं आणि एका बटणावर जाऊन थांबलं. एकाच. मी उचललं आणि दुसऱ्याकडे गेले. तेही बरोबर. तो कीबोर्ड बिघडलेला, त्याला कंप्युटर नाही, पडदा नाही. तरी मी त्याच्यावर माझं आख्खं नाव टाइप केलं आणि बाबांच्या गळ्यात पडले. त्यांच्या बनियनवर निळे डाग पडले.

परीक्षेच्या दिवशी बाबा सुट्टी टाकून सोबत आले, प्लेट पिशवीत घेऊन. मला थोडा जास्त वेळ मिळणार होता आणि प्लेट वापरायचा अर्ज मी आधीच दिला होता. पण परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी पिशवीतून प्लेट काढली आणि उजेडाकडे धरली. त्यांना कॉपीचा संशय असावा. चिठ्ठी-बिठ्ठी सापडली नाही, तेव्हा ते म्हणाले, ‘ये किसने बनाई? टेढ़ी है ये तो. एक भी छेद सीध में नहीं.’

हॉलमधल्या सगळ्यांनी माना वळवल्या. मी बाबांकडे पाहिलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांचा एक तुकडा परत आला नव्हता. त्यांची मान लाल झाली. मला वाटलं, आता ते म्हणतील की बाजारातून आणली.

‘जी साहब, टेढ़ी है,’ बाबा म्हणाले. ‘नाप के टेढ़ी बनाई है.’

साहेबांनी प्लेट कीबोर्डवर ठेवून आपलं बोट घातलं. त्यांचं सरळ बोट कडेला अडलं. दुसऱ्यांदा घातलं, पुन्हा अडलं. ‘इसमें तो मुझसे नहीं होगा.’

‘आपके लिए नहीं है न, साहब.’

साहेब हसले आणि प्लेट चालेल म्हणाले. बाबांना बाहेर पाठवलं. मी शिफ्ट पाच वेळा दाबली, टूं झालं, चौकट आली, मी ‘हो’ म्हटलं आणि सुरुवात केली.

निकाल लागला. चुका अगदी थोड्या, पण वेग कमी. नापास.

बड़े बाबू हळहळले. ‘बहुत मेहनत की तुमने. अब तो छूट ले लो, बिटिया.’ घरी आले तर बाबांनी तो भरलेला फॉर्म स्टुलावर नाही, माझ्या हातात दिला. फॉर्म लगेच थरथरायला लागला. ‘तुझं तू ठरव,’ ते म्हणाले. रात्री मी जेवले नाही, सकाळी चहा घेतला नाही. पुढे तिसऱ्या खेपेला मी पास झाले. पण ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं? तेव्हा फक्त एवढं ठाऊक होतं की सही केली की कटकट संपेल, आणि त्यानंतर मला कुणी कधी काही टाइप करायला सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सेक्शन रिकामा झाला. मी कंप्युटरवर प्लेट मांडली आणि अर्ज लिहायला घेतला. मला सूट नको, पुढच्या परीक्षेला बसू द्यावं, एवढाच मजकूर. चार ओळी. डबा उघडला नाही. एकेक अक्षर उमटत गेलं, सरळ, एका उंचीचं, एका रांगेत. सुट्टी संपली, लोक परतले, तेव्हा शेवटचं वाक्य चाललं होतं. प्रिंटर करकरला. खाली पेनाने सही केली, ती रेघेवरून उठली, मजकुरात घुसली आणि कागदाच्या कडेला जाऊन थांबली.

बड़े बाबूंनी चष्मा लावून अर्ज वाचला. वाचून खूश झाले. ‘बढ़िया है, साफ-सुथरा. किससे टाइप करवाया?’

पंधरा-सोळा वर्षं दुसऱ्याच्या हाताने लिहून घेतलेलं लोक माझं म्हणून वाचत आले, तेव्हा हे कुणी विचारलं नव्हतं. आता सगळं माझ्या हातचं होतं आणि ते कुणाचंही असू शकलं असतं. मला हेच तर हवं होतं. मग डोळ्यांत पाणी का येत होतं, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

‘मैंने किया है,’ मी म्हटलं.

त्यांनी अर्जाकडे पाहिलं, मग टेबलाच्या कडेवर थडथड वाजणाऱ्या माझ्या हाताकडे. बोट सहीवर नेलं. ‘और ये?’

‘ये भी मैंने. दोनों मेरे हैं. आगे भेज दीजिए.’